पांढऱ्या शर्टावर धरलेली नळी

काचेची नळी हलवली की तो ती छातीशी, स्वतःच्या पांढऱ्या शर्टावर धरायचा. पांढऱ्यावर रंग खरा दिसतो म्हणे. "थांब गो मावशे, रंग बसू दे." असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. हा तर चहाचा पेलासुद्धा तसाच धरून बघायचा. मी म्हणायचे, "पी आता, त्यात पारा नाय."

पोलादपूरकडच्या डोंगरातला पोरगा. कॉलेज शिकून महाडच्या एका कारखान्यात लॅबला लागलेला. मी तिथे काचसामान धुवायचे. प्रत्येक नळी आधी ॲसिडने, मग शुद्ध पाण्याने तीनदा; आधीचं काही राहिलं तर रंग खोटा येतो. तो लांबून मोजायचा.

"दोनदाच झालं गो."

"डोळे फुटले काय तुझे? तीनदा झालं."

मग हसायचा.

त्याच्याकडे एक हिरवं औषध होतं. पाण्यात पारा किंवा शिसं असलं की ते लाल व्हायचं. आमच्या वाडीच्या विहिरीशेजारून कारखान्याचा नाला जायचा. एका सकाळी मीच बाटलीभर पाणी नेलं. म्हटलं, बघ. त्याने नळी छातीशी धरली. या वेळी 'थांब' म्हणाला नाही. रंग लगेच बसला होता. पुन्हा नवी नळी घेतली, तरी लालच.

त्याने ते कागदावर लिहून मोठ्या साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी मला बोलावलं. "बाई, नळ्या नीट धुतल्या नव्हत्या ना?"

माझी नोकरी कच्ची होती. तो समोरच उभा होता. मी म्हटलं, "घाईत एकदाच धुतल्या."

तीनदा धुतल्या होत्या. त्याने मोजलं होतं.

महिनाभरात त्याला काढलं. जायच्या दिवशी तो माझ्या दारात आला. मला वाटलं, शिव्या घालेल. "विहिरीचं पिऊ नको मावशे. वरच्या झऱ्याचं आण. आणि वाडीला सांग, तुझं ऐकतील." एवढंच बोलला. चहा घेतला नाही. पुन्हा कधी दिसला नाही.

वाडीला मी सांगितलं नाही. सांगायचं तर साहेबांपुढे काय बोलले तेही सांगावं लागलं असतं. मी एकटीच झऱ्यावर जात राहिले. विहिरीवर हंडे भरणाऱ्या बायका विचारायच्या, "एवढी चढण कशाला गो?"

"त्या पाण्यात डाळ बरी शिजते," मी सांगायचे.