आक्कांचं पडवळ

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, शिवी हासडल्याशिवाय म्हशीची धारसुद्धा काढत नसत. म्हशीलाही इतकी सवय, की शिवी ऐकल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. अख्ख्या कवठे येमाईला त्यांचं तोंड ठाऊक होतं. मनात मात्र काडीचं विष नाही. मी नवी नवरी असताना माझ्या हातून उकळतं दूध सांडलं, तेव्हा माझ्या सात पिढ्या उद्धरून झाल्यावर भाजलेल्या हाताला तूप त्यांनीच लावलं.

पण या तोंडापायी त्यांच्या लेकीची, सुनंदाची, दोन स्थळं मोडली. तिसरं दौंडचं आलं. मुलाचे वडील शाळामास्तर. आक्का तडक येमाईच्या देवळात जाऊन शपथ घेऊन आल्या, "अक्षता पडंस्तवर तोंडातनं एक शिवी न्हाई."

शिव्या गेल्या, पण त्यांच्या जागी आक्कांनी भाजीबाजार मांडला. कोंबडा दोडक्या झाला, म्हैस पडवळे झाली आणि माझा नवरा रताळ्या. ठसका तोच, त्यामुळे म्हैसही फसली. उपासाला रताळी उकडते म्हटलं तरी आमचे हे दचकायचे.

पाहुणे आले. सुनंदा चहा घेऊन बाहेर आली आणि नेमकं तेव्हाच म्हशीनं दावं तोडून मास्तरांनी बाजूला काढून ठेवलेल्या टोपीत तोंड घातलं. आक्का ताडकन उठल्या. "अगं ए पडवळे!"

मास्तर म्हणाले, "पडवळ लावलंय वाटतं?"

"व्हय तर. लई आलंय यंदा. जाताना न्या की."

रानात पडवळाचा वेलसुद्धा नव्हता. मी मागच्या दारानं पळाले आणि चार घरं हिंडून दोन पडवळं पैदा केली. स्थळ जमलं.

अक्षता पडल्या, शपथ सुटली. आता धरण फुटणार म्हणून आम्ही सगळे तयारीत होतो. जीपमध्ये बसण्याआधी सुनंदा आक्कांच्या गळ्यात पडली. "आये, एक खरी शिवी दे की गं. पुन्हा कवा ऐकायला मिळंल?"

आक्कांनी तोंड उघडलं, पण शिवी काही येईना. शेवटी कशाबशा म्हणाल्या, "जा गं रताळे. नीट ऱ्हा."

संध्याकाळी त्या धार काढायला बसल्या, त्या नुसत्याच. ना शिवी, ना भाजी. म्हैस पान्हा सोडेना. मला ते बघवेना. आयुष्यात कधी वावगा शब्द न काढलेली मी, पण पदर खोचला आणि आक्कांचीच एक ठेवणीतली मोठ्यानं हासडली.

चरवीत धार वाजली. म्हशीला डोकं टेकून आक्का हसत होत्या आणि रडतही होत्या. "तुझ्या तोंडात शोभत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "पर दे अजून एक."