दवाखान्यातच राहिलेली भुरी

गुरांच्या दवाखान्यात केसपेपरचे गठ्ठे बांधून माळ्यावर जातात. किस्से मात्र खालीच राहतात, चहाच्या टेबलाभोवती. लाखांदूरच्या आमच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक. माझ्याकडे बैलांचे, म्हशींचे, एका रागीट बोकडाचेही किस्से आहेत. पण चार माणसं जमली की फर्माईश एकच, "साहेब, कुत्रीचं सांगा ना!"

तर, भुरी आली ती एसटीनं!

दिघोरीच्या शेवंताबाई तलावात मासे धरतात. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, त्यांना ही सापडली. कुणीतरी गळ्यात आवळलेली तार मांसात रुतलेली, पाठीवर मारल्याचे वळ. बाईंनी तिला मासोळीच्या टोपलीत घातलं, वर ओलं पोतं टाकलं आणि बसमध्ये चढल्या.

कंडक्टरनं विचारलं, "काय हाय वो टोपलीत?"

"मासोळ्या."

पुढच्या खड्ड्यात टोपली कण्हली. कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमची मासोळी रडून राहिली!"

त्यानं पोतं उचलून पाहिलं. स्टँड यायच्या आधीच घंटी मारून त्यानं बस थेट आमच्या फाटकापुढे उभी केली, आणि टोपली स्वतः उतरवून दिली. त्या माणसाचं नाव मला आजही माहीत नाही.

*

तार निघाली, जखम भरू लागली. पण भुरी औषधाच्या कपाटामागून बाहेर येईना. माणसाचा हात दिसला की जागेवरच मुतायची. आमच्या डॉक्टर मॅडमनी फर्मान काढलं, "तिच्या डोळ्यांत बघायचं नाही. हात पुढे करायचा नाही. मोठ्यानं बोलायचं नाही."

तिसरी अट आमच्या परिचराला, नामदेवला, फार जड गेली. त्याचा आवाज धानाच्या शेतातल्या दोन बांध्या ओलांडून जातो! बिचारा आठवडाभर कुजबुजत होता. म्हैस घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानं काळजीनं विचारलं, "घसा बसला का गा?"

नामदेव त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "नाई. आतमंदी पेशंट झोपला हाय!"

तो शेतकरीही मग म्हशीशी कुजबुजत बोलला.

*

खोलीत कुणी असलं की भुरी खायची नाही. नामदेवनं स्वतःच एक युक्ती काढली. दुपारी कपाटाकडे पाठ करून दारात जेवायला बसायचा आणि न बघता मागे पोळीचा तुकडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी एक फरशी मागे सरकून. तिसऱ्या दिवशी आणखी एक. नवव्या की दहाव्या फरशीवर त्याची अगदी दबकी हाक आली, "साहेब! मले लुटलं!"

मी धावलो. भुरीनं मागचा तुकडा सोडून थेट डब्यातलीच पोळी पळवली होती. नामदेव रिकामा डबा मांडीवर घेऊन बसला होता आणि बाहीनं डोळे पुसत होता. "कांदा लागला," म्हणाला.

डब्यात भेंडीची भाजी होती!

*

मॅडम साताऱ्याच्या. त्या "ये बाळा, ये" म्हणायच्या आणि भुरी भिंतीकडे तोंड करायची. आठवड्यानं शेवंताबाई भेटायला आल्या. दारातूनच "ये वो माय" म्हणाल्या आणि भुरीची शेपटी हलली. पहिल्यांदाच!

मॅडमनी तेव्हापासून आमची बोली शिकायला घेतली. एके दिवशी वरिष्ठांचा फोन आला, रिपोर्ट का पाठवला नाही म्हणून. मॅडम म्हणाल्या, "पाठवून राहिली ना सर, काहून घाई करता?"

आम्ही सगळे बाहेर पळालो.

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे. छताची जळमटं काढायला मी लांब काठी उचलली. भुरी समोरच होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एक किंकाळी, आणि ती कंपाउंडच्या भिंतीवरून पार. दोन दिवस पत्ता नाही. मला कुणी बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी गावाबाहेर, तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागे ती दिसली. मी थोडा लांब, पाठ करून बसलो. अख्खी दुपार तिला ऑफिसच्या गोष्टी सांगितल्या. माफीही मागितली, खोटं कशाला बोलू? ती हलली नाही. शेवटी उठलो आणि निघालो, तर मागे चाहूल!

वळून बघितलं असतं तर पळाली असती. म्हणून लाखांदूरच्या भर बाजारातून मी मान ताठ ठेवून चालत आलो. लोक विचारत होते, "साहेब, मान धरली का?"

दवाखान्याच्या पायरीवर मॅडम उभ्या होत्या. माझ्या मागे बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. कुणाला, ते त्यांनाच ठाऊक.

*

आणि हा परवाचा. चिखलणीच्या ऐन दिवसांत एक म्हातारे गृहस्थ बैलगाडीतून बैल घेऊन आले. साप चावला होता. मॅडमनी खूप धडपड केली, पण बैल गेला. चौदा वर्षं घरात होता, म्हणाले. मग व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मॅडम पाणी घेऊन उभ्या. नामदेव खांबाला टेकलेला.

भुरी आतून आली. आम्हाला ओलांडून गेली. आजवर ती एकाही अनोळखी पुरुषाजवळ आपणहून गेली नव्हती. तिनं त्यांच्या चिखलानं भरलेल्या पावलावर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले.



बऱ्याच वेळानं त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती तशीच पडून राहिली.

ते हळूच म्हणाले, "जेवली का वं?"