न झालेल्या दुखण्याची साक्ष

आमच्या घरचा निवद शिवेवरच्या देवीला न्यायचं काम सुनेचं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून ते माझ्याकडे होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात ताटात वाढायचा, वर धुतलेलं फडकं टाकायचं आणि अनवाणी चालत जायचं. वाटेत कोणाशी बोलायचं नाही. कोणी हाक मारली तरी नुसती मान हलवायची. मला हे काम आवडायचं. चार माणसांत तोंड उघडायची मला लहानपणापासून भीती. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, कारण फळ्यापुढं उभं राहणं संपलं.

अशी मी प्रार्थनेला कशी गेले, तर बसायला मिळतं म्हणून. अंथुर्ण्याच्या पलीकडे आमची वस्ती आहे. वस्तीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या ताईनं आमच्या भागात सगळ्यांत आधी येशूला मानलं. दळण टाकताना ती गाणी म्हणायची, गिरणीच्या आवाजाच्याही वर. एकदा मला म्हणाली, "रविवारी येत जा की. कुणी काय विचारत न्हाय. दोन तास नुसतं बसायचं."

दोन तास सलग बसणं माझ्या आयुष्यात फक्त एसटीत आणि मयतीला झालं होतं. म्हणून गेले.

प्रार्थना तिच्या गिरणीमागच्या पत्र्याच्या खोलीत व्हायची. तेव्हा आम्ही सात बायका, एक म्हातारे आबा आणि वडगाव निंबाळकरहून मोटरसायकलवर येणारे पास्टर, एवढेच होतो. बाहेर एकमेकींच्या घरचं पाणी पिताना विचार करणाऱ्या बायका तिथं एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. बाजारात कोणी कोणी टोमणे मारायचं. "काय गं, भाकरी सोडून पाव खाया लागली का?" मी मान खाली घालून मेथी निवडायचे. माझे मालक कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर असतात. ते म्हणाले, "तितं जाऊन गपच बसती न्हवं? घरी बी गपच असती. जाऊ दे." सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना ते भजनाला गेल्यासारखंच वाटलं.

काही महिन्यांनी एका सकाळी धार काढताना माझ्या लक्षात आलं की मी येशूशी बोलतेय. गाईच्या पोटाला डोकं टेकून, हळू आवाजात, घरातलं सगळं सांगतेय. मी कोणाशीच इतकं बोलत नाही. त्या दिवसापासून मी त्याची झाले असं मला वाटतं, बाप्तिस्मा पुढे कधी झाला ती गोष्ट वेगळी.

मग मला निवदाचं ताट उचलवेना. मला कोणी मनाई केली नव्हती. गिरणीवाल्या ताईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझं तू ठरव. पण ठरवलंस तर सासूला सांग. लपवू नको."

ठरवलं तर मी लगेच. पण आत्या मला इतक्या वर्षांत एकदाही घालूनपाडून बोललेल्या नाहीत. दोन्ही बाळंतपणांत माझी आई नव्हती, तर यांनीच सगळं केलं. त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं की तुमच्या देवीचा निवद मी नेणार नाही? आठ दिवस रोज सकाळी सांगायचं ठरवायचे आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायचे.

तेवढ्यात बेंदूर आला. पुरण शिजलं, पोळ्या झाल्या, ताट भरलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, मला आत्ताच अडचण आली."

महिन्याच्या अडचणीत निवदाला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे अजून पाळतात. आत्या "बरं बरं, सरक" म्हणाल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः ताट घेऊन गेल्या. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही झालं. वीस दिवसांनी नागपंचमीला तेच सांगितलं. गौरीला तेच. घट बसले तेव्हा तेच. दसऱ्याला दहाव्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं तेव्हा आत्यांनी हातातली पळी खाली ठेवली.

आत्यांना अक्षर वाचता येत नाही, पण सगळ्या तिथी त्यांच्या बोटांवर असतात. त्या बोटांवर मोजायला लागल्या. "बेंदराला. पंचमीला. गौरीला. घटाला. अन् आता आज. अगं, तुला मधी मोकळं दिस तरी ऱ्हायलं का?"

मी खाली बघत राहिले. त्यांना वाटलं, मी लाजतेय.

आत्यांची धाकटी बहीण अशाच, रक्त न थांबण्याच्या दुखण्यानं गेली होती. लाजेपोटी तिनं कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. हे मला माहीत होतं, पण खोटं बोलताना आठवलं नव्हतं. आत्या माझ्याजवळ बसल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "लाजून लाजून बाईमाणूस मरतं. तुला मी मरू द्यायची न्हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि आता खरं सांगणं पहिल्यापेक्षा दहापट अवघड झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मला घागर उचलू देईनात. धारा त्याच काढायच्या. मला रोज सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी अळिवाची खीर, रात्री बीट. मी धडधाकट बाई, त्यात काम बंद. पंधरा दिवसांत माझे ब्लाउज घट्ट झाले. शेजारीण म्हणाली, "आजारी हाय म्हनं, अन् गाल तर वर आल्यात!" आत्या तिच्यावर खेकसल्या, "सूज हाय ती!"

मग मला बारामतीला बाई-डॉक्टरकडे नेलं. एसटीत बसायला जागा नव्हती. आत्यांनी खिडकीतल्या माणसाला साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "उठा तात्या, माझी सून लई आजारी हाय, बायकांचं दुखणं हाय." तात्या सीटला आग लागल्यासारखे उठले. इंदापूर तालुका ओलांडेपर्यंत माझा पदर तोंडावर होता.

डॉक्टरबाई मला विचारायच्या आणि उत्तर आत्या द्यायच्या. मशीननं तपासलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सगळं व्यवस्थित आहे." आत्या म्हणाल्या, "नीट बघा. पिशवी काढायची आसंल तर काढू, पर माणूस वाचलं पायजे." डॉक्टरबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला हळू विचारलं, "काही सांगायचंय का तुम्हाला?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या.

परतताना आत्या म्हणाल्या, "मशीनला काय कळतंय? आता पुन्याला जायचं."

त्या आठवड्यात मी रोज गोठ्यात येशूला म्हणायचे, तूच त्यांना कसंतरी कळव. त्यानं काही कळवलं नाही.

रविवारी मी खोलीत कोपऱ्यात बसले होते. गाणं संपलं आणि दारात आत्या उभ्या. पायातली चप्पल न काढता, पदर खोचलेला. पास्टरांना म्हणाल्या, "मी तुमच्यातली न्हाय. पर माझ्या सुनेचं रगात थांबंना. आमच्या देवीला सांगून झालं, डॉक्टरीनीला दावून झालं. आता तुमच्या देवाला बी सांगा. हिला वाचवा."

पास्टर भले माणूस. त्यांनी लगेच पुस्तक उघडलं आणि बारा वर्षं रक्त जात असलेल्या बाईची गोष्ट वाचली. गर्दीत मागून येऊन येशूच्या झग्याला नुसती शिवली आणि बरी झाली, ती. सगळ्या बायका उठल्या, माझ्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले आणि मोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या. गिरणीवाली ताई रडत होती. त्या हातांच्या मधून मला आत्या दिसत होत्या. त्यांनी चपला काढल्या होत्या आणि दोन्ही हात जोडून त्या उभ्या होत्या.

मी उभी राहिले. हात बाजूला झाले. कोणाला वाटलं, बरी झाली.

"मला काय बी झालेलं न्हाय," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "मी खोटं बोलले. मला निवद न्यायचा नव्हता, म्हणून अडचण सांगितली. दर सणाला. आत्या, मला निवद न्यायचा न्हाय. मी आता येशूची हाय."



आत्यांनी विचारलं, "म्हंजी तुला रगात जात न्हाय?"

"न्हाय, आत्या."

"पिशवीला काय न्हाय?"

"न्हाय."

त्या दाराजवळ चपलांच्या ढिगातच बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "दोन किलो डिंक खाल्लास गं मेले माझा."

पहिल्यांदा हसले ते म्हातारे आबा. मग सगळी खोली हसली. पास्टरांनी पुस्तकाआड तोंड लपवलं. मी हसत नव्हते, मी रडत होते.

घरी जाताना आत्या पुढे आणि मी दहा पावलं मागे. ओढ्याजवळ त्या थांबल्या. "मी काय वाघीण हाय व्हय? तोंडानं सांगता आलं न्हाय तुला? माझी भन डोळ्यापुढं दिसत हुती मला महिनाभर." मी त्यांचे पाय धरले. त्यांनी उठवलं नाही लगेच, थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग म्हणाल्या, "निवद माझा मी नेईन. पुरण तू शिजवायचं. त्याला तुझ्या देवाची काय आडकाठी न्हाय न्हवं?" मी म्हटलं, नाही. "मग हे येवढ्यासाठी मला बारामती दावलीस?"

मालकांना संध्याकाळी सगळं कळलं. ते म्हणाले, "बोलायला लागली म्हणायची!" आणि जेवायला बसले.

पण वस्तीवर आत्यांनी वेगळंच सांगितलं. सून खोटं बोलली हे चार बायकांना सांगायचं म्हणजे घराची लाज. म्हणून त्यांनी सांगितलं, "पत्र्याच्या खोलीत डोक्यावर हात ठिवलं, अन् त्याच दिशी रगात थांबलं. मी डोळ्यानं बघितलं." आत्यांचा शब्द म्हणजे सगळ्यांना पक्का, त्यात त्या देवीच्या, मग येशूची बाजू उगाच कशाला घेतील? पुढच्या रविवारी दारात चपला मावेनात. कोणाचं डोकं दुखतं, कोणाची म्हैस दूध देत नाही, कोणाला नुसतं बघायचं होतं.

मी म्हटलं, "आत्या, असं खोटं का सांगितलं?"

"मग काय सांगू? सून खोटारडी हाय, असं?"

पास्टरांनी मला बाजूला बोलावलं. "ताई, खोट्यावर आपल्याला माणसं नकोत. तुम्हीच सांगा त्यांना." म्हणून मी पुन्हा उभी राहिले.  सगळं सांगितलं, लाडवांसकट. काही बायका उठून गेल्या. काही हसल्या आणि बसल्या.

त्यात पिंपळीहून आलेली एक बाई होती. ती हसली नाही. सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ आली. तिचं रक्त जाण्याचं दुखणं खरं होतं. आत्यांची गोष्ट ऐकून तिनं औषध बंद केलं होतं. मी तिला घेऊन तडक घरी आले आणि आत्यांपुढे उभी केली. आत्यांनी तिचं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माझी चूक झाली, बाई," म्हणाल्या. "ही बी खोटं बोलली अन् मी हिच्यावर कडी केली." दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी बारामतीला गेलो. आत डॉक्टरबाईंशी बोलायला मीच गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही बोलता होय!"

औषध चालू झालं, प्रार्थनाही चालू राहिली. आता ती बरी आहे आणि तिच्या दोन जावांना घेऊन रविवारी येते. खोली पुरत नाही म्हणून पुढे मांडव घातलाय.

नवीन बाई आली की पास्टर माझ्याकडे बघतात आणि मी माझी गोष्ट सांगायला उठते; साक्ष म्हणतात तिला. अजून भीती जात नाही. आत्या निवद नेतात त्या नेतातच, त्यांचा देव त्यांनी सोडलेला नाही. पण रविवारी त्या येऊन दाराशी बसतात. गुडघ्यांना तेवढाच आराम, म्हणतात. परवा मी सांगत होते, बेंदराला खोटं बोलले, मग पंचमीला, मग गौरीला, मग दसऱ्याला. मागून आवाज आला, "घट ऱ्हायला! दसऱ्याच्या आधी घट! नीट सांग की."

मी म्हटलं, "व्हय आत्या, घटाला बी," आणि पुढे सांगायला लागले.