नातेवाईक: कोणी नाही

वहिनी,

मी बोरगाव सोडलं त्या दिवशी अण्णा मला निपाणीच्या स्टँडवर पोचवायला आला होता. तुमचं लग्न होऊन दोनच महिने झाले होते. माझी ट्रंक त्यानंच बांधली होती. सुतळीचे चार वेढे, गाठ एकच, आणि ती गाठ बेंगळुरूत सोडवताना माझी नखं तुटली. तात्या काही स्टँडवर आले नाहीत. घरातूनच म्हणाले, "सरकारी नोकरी म्हंजे देवाची सावली. सोडायची न्हाई." ते मी अगदी पाळलं. काय काय देऊन पाळलं, ते आज सांगतो.

मी मॅट्रिक, अण्णाला अक्षरओळखही नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तर म्हणाले होते, "सुतार काय लावतोस, गावाचं नाव लाव." म्हणून मी शंकर रामचंद्र बोरगावकर झालो आणि अण्णा कृष्णा रामा सुतारच राहिला. एका बापाची दोन पोरं, कागदावर दोन जातीची माणसं वाटावीत अशी. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटायची.

बेंगळुरूत सरकारी सामानाच्या डेपोत मी कारकून म्हणून लागलो. सुरुवातीला तिथली भरती फार सोपी होती. फोरमन फाटकावर यायचा, माणसाचे तळहात बघायचा, घट्टे असले की आत घ्यायचा. मग चीनची लढाई झाली आणि सगळंच बदललं. उत्तरेकडं जाणारं सामान दिवसरात्र निघायला लागलं. पेट्या बांधणारी माणसं कमी पडायला लागली. फाटकावर निवृत्त शिपायांचा पहारा बसला, तोही कंत्राटदाराचा. आणि प्रत्येक माणसामागं कागद आले: फॉर्म, दाखला, पोलीस चौकशी. स्टोअरमध्ये एकाच घरची दोन माणसं नकोत असा नवा नियम निघाला. एकानं माल मोजायचा आणि भावानं बाहेर काढायचा, असं कुठंतरी घडलं होतं म्हणे.

मी तरी अण्णाला बोलावलं. तंबाखूच्या वखारीत पेट्या ठोकून त्याची छाती भरायला लागली होती, आणि त्याच्या हातासारखा हात मी डेपोत एकाचा पाहिला नव्हता. परीक्षा अशी असायची: पेटी बनवायची, आत कंदिलाच्या सहा काचा पेंढ्यात बसवायच्या, वरून पत्र्याची पट्टी मारायची, आणि साहेबासमोर ती पेटी ट्रकवरून खाली ढकलायची. त्या दिवशी अकरा जणांच्या काचा फुटल्या. अण्णाची पेटी साहेबानं दोनदा ढकलायला लावली. उघडली तर सहाच्या सहा काचा शाबूत. साहेब कानडीत म्हणाला, "सरी, बरं, हा माणूस पाहिजे."

त्याचा फॉर्म मी भरला. माझ्या खोलीत, स्टोव्हजवळ बसून. "या डेपोत आपला कोणी नातेवाईक आहे काय?" त्यापुढं मी लिहिलं, "कोणी नाही." अण्णानं विचारलं, "काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं. तुला कळतंय त्यातलं." आणि अंगठा उठवला.

चार वर्षं आम्ही परक्यासारखे राहिलो. तो होसकोट्याच्या बाजूला मजुरांच्या खोलीत, मी डेपोजवळ. मी यादी वाचायचो, "कृष्णा रामा सुतार," आणि तो म्हणायचा, "हजर साहेब." साहेब! ज्याच्या खांद्यावर बसून मी चिकोडीची जत्रा बघितली, तो मला साहेब म्हणायचा. पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मला डबा गेला नाही. पुढं पुढं जायला लागला, हे जास्त वाईट. सोय एवढीच होती की इथं वडीलधाऱ्या कुठल्याही माणसाला अण्णा म्हणतात. मीही सगळ्यांसमोर त्याला अण्णा म्हणू शकत होतो, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

रविवारी तो आमच्याकडं जेवायला यायचा, तोही लांबचा वळसा घेऊन. माझ्या बायकोनं "भाकरी मऊ झाली का?" विचारलं की म्हणायचा, "स्वल्प कडक असती तर बरं." कानडी त्याला माझ्याआधी आली. माणसं त्याला लगेच आपलीशी करायची.

मग त्याला कायम करायची वेळ आली. पोलीस चौकशीचा कागद गावी गेला. आणि आम्ही दोघं शहाणे, साऱ्या जगापासून लपवलं, पण तात्यांना सांगायचं विसरलो. बापाला काय सांगायचं असतं, घरचंच माणूस, असं वाटलं असेल. तुम्हाला आठवत असेल, शिपाई आला तेव्हा चहा तुम्हीच केलात. तात्यांनी त्याला खाटेवर बसवलं आणि छाती फुगवून सांगितलं, "माझी दोन्ही पोरं एकाच डेपोत हायत. धाकटा तर मोठा कारकून हाय." शिपायानं जसंच्या तसं लिहून नेलं.

आम्हाला दोघांना साहेबांसमोर उभं केलं. टेबलावर तो फॉर्म होता. माझं अक्षर माझ्याकडं बघत होतं. साहेबांनी विचारलं, हा कोणी भरला? मी तोंड उघडायच्या आत अण्णा मोडक्या हिंदीत बोलला, की फाटकाबाहेर एकजण पैसे घेऊन फॉर्म भरून देतो, त्याच्याकडून भरून घेतला, मीच त्याला तसं लिही म्हणालो, भावाला यातलं काही ठाऊक नाही. साहेब माझ्याकडं वळले. "खरं आहे?"

माझी बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. क्वार्टर नुकतंच मिळालं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही, वहिनी, तेव्हा डोक्यात काय आलं ते सांगतो. मी म्हणालो, "होय साहेब."

मला लेखी ताकीद मिळाली, कळवलं का नाही म्हणून. अण्णाला काढलं, आणि शेरा मारून काढलं. त्यानंतर महिनाभर तो शहरातल्या सगळ्या कंत्राटदारांची फाटकं फिरला. लढाईआधी त्याचे तळहात बघून कुणीही आत घेतलं असतं. आता आधी कागद मागायचे, शेरा वाचायचे आणि परत द्यायचे. पेटी बांधून दाखवू का, असं तो विचारायचा. कुणी बघितलीच नाही.

दुपारच्या गाडीला मी त्याला बसवून दिलं. तो रागावला असता तर मी निभावलं असतं. तो खिडकीतून एवढंच म्हणाला, "तात्यास्नी सांगू नगंस. आपल्या बोलण्यानं पोराची नोकरी गेली, हे त्यांना सोसायचं न्हाई. मीच खोटं लिहवलं असं मी सांगतो घरात." आणि तसंच सांगितलं. तात्या गेले ते थोरला पोरगा खोटारडा निघाला, असं समजूनच गेले. मला मात्र मरेपर्यंत आशीर्वाद देत राहिले.

अण्णा पुन्हा वखारीत गेला. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्याचा खोकला रात्रंदिवस तुम्ही ऐकलात. मी दर दिवाळीला यायचो, जे. पी. नगरात बांधलेल्या घराचे फोटो दाखवायचो, आणि तो माझ्या समोर फोटो उलटसुलट करून म्हणायचा, दारं चांगल्या लाकडाची हायत. त्यानं एकदाही तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. दोघंच असताना सुद्धा नाही.

परवा त्याच्या तेराव्याला पंगत बसली होती. तुम्ही मला वाढत होतात आणि बाजूच्या बाईला म्हणालात, "ह्यांनी कागदावर खोटं केलं नसतं तर आज पेन्शन असती. भावजींनी किती धडपड केली ह्यांच्यासाठी." मी मान खाली घालून खाल्लं. तुम्ही आणखी एक लाडू वाढलात, तोही खाल्ला.

कायम होणारी नोकरी त्याची होती. ती माझ्या अक्षरानं गेली आणि माझ्या दोन शब्दांनी गेली. तुम्ही तीस वर्षं नवऱ्याला बोल लावलात, तो माझा बोल होता. हे पत्र नातवाकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्यालाही कळू दे त्याचा आजा कसा होता.

इथले शेजारी मला बेंगळुरूचाच समजतात. मुलं कानडीत भांडतात, इंग्रजीत हसतात. घर कुठलं विचारलं तर मी बोरगाव सांगतो. सोमवारी मी येतोय. आत घ्यावंत असं मी म्हणणार नाही. तुम्ही दाराशी येऊन तोंडावर बोलावं, जे अण्णाला बोललात ते सगळं मला बोलावं. मला आता घर म्हणून तेवढंच हवंय.

शंकर