शेजारची रिकामी जागा

कॉलेजात मी जुन्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवतो. त्यांतल्या समाजाने टाकलेल्या माणसांविषयी बोलताना माझा गळा हमखास दाटतो.

एकदा अक्कलकोट रोडच्या भरलेल्या बसमध्ये अंगभर कोड असलेल्या एका बाईशेजारची जागा कुणी घेईना. मी घेतली आणि चेहऱ्यावर वर्गातली करुणा आणून तिच्याकडे पाहिलं.

"सर, वाईट नंतर वाटून घ्या की," ती म्हणाली. "आदी उटा. माज्या भाकरीवर बसलाय तुमी."

मी धडपडत उठलो. पिशवीतल्या कडक भाकरीचे तुकडे झाले होते. तिला हसू आवरेना. एक तुकडा तिनं पांढऱ्या बोटांनी माझ्यापुढे धरला. माझा हात क्षणभर अडखळला. तिनं ते पाहिलं, तरी हात मागे घेतला नाही. ओशाळून मी तुकडा घेतला आणि घाईघाईनं तोंडात कोंबला.

"सावकाश की," ती म्हणाली, "अजून चटणी काडायची हाय."