अण्णांचा गळ, दारणेपासून डहाणूपर्यंत

सहल कशी ठरली ते आधी सांगते, कारण हौस म्हणून आम्ही निघालो नव्हतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही नाशिक रोडला राहत होतो, मी शाळेत शिकवत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, छापखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. रविवारी सकाळी दारणा नदीवर गळ टाकून बसणे एवढाच त्यांचा शौक. त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही टिकेल असे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. गळाच्या दोरीला लाल रंगवलेले, पाण्यावर तरंगणारे भेंड असे. ते बुडाले की दोरी ओढायची. पण आता ते बुडालेले अण्णांना दिसेना. मासे आमिष खाऊन जात.

एका रविवारी ते रिकाम्या हाताने परतले आणि म्हणाले, "एकदा समुद्रात गळ टाकतो. मग हे सामान कुणाला तरी देऊन टाक."

आई जाऊन तीन वर्षे झाली होती. गळही गेला असता तर अण्णा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसले असते. मी रजा टाकली.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार या रस्त्याने एस.टी.ने डहाणू गाठता येते. जव्हारला गाडी बदलावी लागली. घाटात वळणे फार, तेव्हा पोटभर खाऊन बसू नका. लिंबू जवळ ठेवा. हिवाळ्यात जा, समुद्र शांत असतो. होडीची बोलणी आदल्या संध्याकाळीच करा, कारण ओहोटीला होड्या खाडीच्या चिखलात बसतात आणि भरतीशिवाय हलत नाहीत. आम्हाला होडीवाला धर्मा तांडेल भेटला. डिझेलचे पैसे आणि वर एका दिवसाची मजुरी, एवढ्यात तो तयार झाला.

किनाऱ्यावर अण्णा बराच वेळ उभे राहिले. त्यांना नळीतून पाहावे तसे दिसे. त्यामुळे मान डावीकडून उजवीकडे फिरवत त्यांनी समुद्र तुकड्यातुकड्याने पाहिला.

"संपला की नाही गं?"

"नाही अण्णा. अजून आहे."

सकाळी भरतीबरोबर निघालो. किनारा बारीक झाल्यावर धर्माने नांगर टाकला. अण्णांनी डबा उघडला. आत हिंग लावून मळलेली कणीक होती. दारणेचे मासे त्यावर तुटून पडत.

"काका, भजी तळायची काय?" धर्माने विचारले. "खाऱ्या पाण्यात ही विरघळून जाईल. कोळंबी लावा."

अण्णांनी कोळंबी लावली. पण भेंड सोडले नाही. लाटांवर ते वरखाली होऊ लागले. अण्णा पुढे वाकून, मान हलवत त्याला शोधू लागले. सापडे, पुन्हा हरवे. मी होडीची कड घट्ट धरून बसले होते. त्यांच्या डोळ्यांबद्दल धर्माला मी काहीच सांगितले नव्हते. तशी अण्णांचीच ताकीद होती.

"काका, पाण्यात काय बघताय एवढं? सिनेमा लागलाय काय तिथं?"

अण्णांचा चेहरा उतरला. मी धर्माला गप्प करणार होते, पण तोच पुढे म्हणाला, "अहो, एवढ्या खोलात हे लाल काय कामाचं? इथं बघून कोण मासा धरतो! दोरी बोटावर घ्या. खाली काय चाललंय ते बोटालाच कळतं."

भेंड सोडवून अण्णांनी खिशात टाकले. वजन लावलेली दोरी तळापर्यंत सोडली आणि तर्जनीवर घेतली. डोळे कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. मग त्यांनी ते मिटूनच घेतले.

पहिला मासा सुटला. दुसराही सुटला. धर्मा म्हणाला, "घाई नको. तो नुसता टोचून बघतोय. त्यानं ओढलं की ओढा."

अण्णांनी नवी कोळंबी लावून दोरी पुन्हा सोडली. मग अण्णांनी हिसका दिला आणि हातामागे हात टाकत दोरी ओढली. होडीत मासा आदळला आणि चक्क गुरगुरला.

"ढोमा!" धर्मा ओरडला. "काका, शिव्या घालतोय तुम्हाला!"

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. डोक्यापासून शेपटीपर्यंत माशावरून हात फिरवला. "वीतभर मोठा आहे," एवढेच म्हणाले. मी पाण्याकडे बघत राहिले. धर्माला माझा चेहरा दिसायला नको होता.

दुपारी धर्माच्या बायकोने त्याच ढोम्याचे कालवण केले, बरोबर तांदळाच्या भाकरी. अण्णांनी काटे जिभेने शोधून नीट बाजूला काढले आणि आणखी एक भाकरी मागून घेतली. आईच्या माघारी मी हे प्रथमच पाहत होते.

घरी आल्यावर गळाचे सामान मी कोनाड्यात ठेवले. द्यायचे कुणाला, ते विचारले नाही. रविवारी सकाळी ते कोनाड्यात नव्हते. लाल भेंड तेवढे मागे राहिले होते. ते अजून माझ्याकडे आहे.

पुढे त्यांची नजर पूर्ण गेली. मी हात धरून त्यांना दारणेवर नेऊन बसवी आणि शेजारी वह्या तपासत बसे. एकदा एका वाटसरूने विचारले, "आजोबा, भेंड नाय, काय नाय, तुम्हाला कळतं कसं?"

"जरा गप्प बस," अण्णा म्हणाले, "खालून कुणीतरी बोलतंय."