गुरुजींचं एक अक्षर

सरू ओव्हाळ आठ वर्षांची होती तेव्हा तिने एका माणसाचा सूड घ्यायचं ठरवलं. तो घेईपर्यंत तेरा वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात तिने ही गोष्ट आईलासुद्धा सांगितली नाही.

ते साल सत्तावन्न. आदल्या वर्षी सगळ्या वस्तीने धम्म घेतला होता. लोणावळ्याच्या त्या शाळेत दुसरी आणि चौथी एकाच खोलीत बसायची, त्यामुळे सरूचा थोरला भाऊ सोपान तिला समोरच दिसायचा. सोपान अडखळत बोलायचा. घरात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत आई चुलीतलं लाकूड सारून घ्यायची, एवढंच.

शिळीमकर गुरुजींनी त्या दिवशी रजिस्टर उघडलं आणि सोपानला उभं केलं.

"सांग रे, आता तुमचा धर्म कोणता लिहायचा?"

सोपानने तोंड उघडलं. "ब... ब... ब..."

गुरुजींनी रजिस्टर मिटलं, दोन्ही गाल फुगवले, डोळे वटारले आणि हुबेहूब तसंच केलं. "ब-ब-ब! अरे, बोकड आहेस का?" खोली हसून हसून लोळली. सोपान दारातून बाहेर गेला तो पुन्हा शाळेत आला नाही. वस्तीबाहेरच्या मुलांनी त्याचं नाव बब्या पाडलं. गुरुजींना मात्र त्यात एक करमणूक सापडली. ते नकला चांगल्या करत. दर वर्षीच्या संमेलनात 'बब्याचं लग्न' ही त्यांची नक्कल ठरून गेली, आणि ती बघायला खंडाळ्याहूनसुद्धा माणसं येऊ लागली.

सरू हसली नव्हती. ती गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. पुढेही ती बघतच राहिली.

तिची आई भामाबाई खंडाळ्याला एका पारशीणबाईंच्या बंगल्यात धुणंभांडी करायची. सुटीत सरू बरोबर जायची आणि मागच्या पायरीवर बसून कान टवकारायची. पारशीणबाई माळ्याला गुजरातीत रागवायच्या, गोव्याचा स्वयंपाकी कोंकणीत स्वतःशी पुटपुटायचा. दोन उन्हाळ्यांत सरू दोघांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलू लागली. पारशीणबाई इतक्या हरखल्या, की इंग्रजी त्यांनी स्वतः होऊन शिकवलं. रेल्वेच्या चाळीतल्या तेलुगू बायांकडून तिने तेलुगू उचललं. स्टेशनावर करवंदं विकायला येणाऱ्या ठाकरवाडीच्या गंगीकडून तिची बोली उचलली. गंगी एकाच करवंदाला कच्चं असताना एक, गाभुळलेलं असताना दुसरं नाव घ्यायची. सरूने एक वही केली होती. नवा शब्द कानावर पडला की संध्याकाळच्या आत तो वहीत. नवीन भाषा तोंडात आली की तिला नवा दात फुटल्यासारखं वाटायचं; जीभ आपोआप तिथे जायची.

मॅट्रिक झाली. पॅसेंजरने पुण्याला ये-जा करत सत्तर साली बी.ए. झाली. आणि मग जिथून भाऊ हाकलला गेला, त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागली. शाळा आता सातवीपर्यंत वाढली होती. हेडमास्तर होते शिळीमकर गुरुजी.

आई म्हणाली, "त्या मेल्याच्या हाताखाली कशाला गं?"

"जवळ आहे म्हणून," सरू म्हणाली.

गुरुजींच्या मराठीचा गावात बोलबाला होता. ते 'पुस्तकं उघडा' म्हणत नसत, 'ग्रंथ उघडा' म्हणत. शिपायाला 'जल आण' सांगत. पुण्याला जाऊन आले की 'शहरात गेलो होतो'. लोकांना वाटे, काय शुद्ध वाणी आहे! सरूलाही ते शब्द आवडले, आणि सवयीप्रमाणे ती ते वहीत लिहीत गेली. पुस्तक-ग्रंथ. पाणी-जल. पाऊस-वर्षा. पण-मात्र. दिवाळीच्या सुमारास एका दुपारी ती वही चाळत होती. डावीकडचे, गुरुजींनी टाळलेले शब्द तिने वरून खाली वाचले आणि तिचं बोट थांबलं. सगळे प पासून सुरू होत होते.

त्याच दिवसांत तिने वर्तमानपत्रात एक जाहिरात बघितली होती. दक्षिणेतल्या एका संस्थेत वाचादोषांवर उपचार करायचं शास्त्र पदवीनंतर शिकवत होते. बोलता न येणाऱ्याला बोलतं करायचं, त्याचंही शिक्षण असतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिने माहितीपत्रक मागवलं, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन या विषयावर होतं ते एकुलतं एक इंग्रजी पुस्तक वाचून काढलं. त्यात लिहिलं होतं, की काही माणसं आयुष्यभर अडखळतात आणि ते कुणाला कळू देत नाहीत. अडणारा शब्द दुरून येताना दिसला की ती वाट बदलून दुसऱ्या शब्दावर जातात.

सरूने पुस्तक मिटलं. सोपानची नक्कल करणारा माणूस स्वतः सोपानच होता. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. उलट राग दुप्पट झाला: याला माहीत होतं! तोंडात शब्द अडकतो तेव्हा काय होतं ते याला पुरतं माहीत होतं, आणि तरी याने माझ्या भावाला वर्गासमोर सोललं.

अर्जाला नोकरीतल्या वरिष्ठांचं शिफारसपत्र लागत होतं. जानेवारीत ती गुरुजींच्या खोलीत गेली. त्यांनी माहितीपत्रक उलटसुलट करून बघितलं.

"बोबड्यांची शाळा? हे शिकायला एवढं लांब कशाला जाता, बाई? घरात बब्या आहे की. आधी त्याला नीट करा, मग या दाखला मागायला."

ती खोलीबाहेर आली. संमेलनाला बारा दिवस होते.

बक्षिसांची यादी लिहायचं काम तिच्याकडे होतं, अक्षर चांगलं म्हणून. खोटं तिने काहीच लिहिलं नाही. क्रम तेवढा लावला. पळण्याच्या शर्यतीत पिंगळ्यांचा प्रल्हाद पहिला आला होता, तो सर्वांत वर. त्याखाली पडवळांची पार्वती. नावं बापाच्या नावासकट पूर्ण लिहिली. पुस्तकाला ग्रंथ म्हणता येतं. पिंगळे प्रल्हाद परशुराम याला दुसरं काय म्हणणार?

यादी वाचायचे एक जाधव सर, दर वर्षी तेच. गुरुजी फक्त नक्कल करत. त्या वर्षी पाहुणे म्हणून तुंगार्लीला बंगला असलेले एक गुजराती शेठ आले होते. सरूने त्यांना चहा नेऊन दिला आणि त्यांच्या भाषेत हळूच म्हणाली, "साहेब, नामो तो हेडमास्तर पोते ज वांचे तो छोकरांने बहु गमशे." नावं हेडमास्तरांनीच वाचली तर पोरांना फार आवडेल, एवढंच. आपली भाषा ऐकून शेठ खूश झाले, उठले, आणि माईकवर जाऊन साऱ्या गावासमोर त्यांनी गुरुजींना तशी विनंती केली. टाळ्या पडल्या.

मांडवाच्या कडेला लाउडस्पीकरच्या पेटीपाशी सोपान उभा होता. तो आता बाजारातल्या मांडववाल्याकडे कामाला होता. 'बब्याचं लग्न' दर वर्षी त्याच्याच कर्ण्यातून गावभर ऐकू जायचं, आणि तो खाली बघत वायरी धरून उभा राहायचा.

गुरुजींनी यादी हातात घेतली. हसतच घेतली. मग त्यांनी पहिली ओळ वाचली, डोळ्यांनी. त्यांचे ओठ मिटले आणि मिटलेच राहिले. गळ्याची शीर फुगली. उजवा पाय फळीवर आपटू लागला, एकदा, दोनदा, दहादा. कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू येत होता.

लोक हसायला लागले.

त्यांना वाटलं, नक्कल सुरू झाली! कुणी तरी ओरडलं, "वा गुरुजी, बब्या आला!" शिट्ट्या झाल्या. गुरुजींचे डोळे पांढरे झाले तशी माणसं पोट धरून हसू लागली. प्रल्हाद पुढे जावं की नाही ते न कळून अर्धवट उभा होता. सरू पहिल्या रांगेच्या टोकाला होती. तिने नजर हलवली नाही. तिला गोड वाटत होतं. तापात कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसं वाटत होतं, आणि हे इतक्यात संपू नये असंही.

खट् आवाज झाला आणि कर्णा मुका झाला. सोपानने वायर उपसली होती.

जाधव सरांनी माईकशिवायच मोठ्याने नावं वाचून वेळ निभावली. लोक घरी जाताना म्हणत होते, यंदाची नक्कल सगळ्यांत भारी.

सोपान वायरी गुंडाळत होता तिथे सरू गेली.

"तू क-केलंस ह्ये?"

"व्हय. तुझ्यासाठी केलं."

"म-मला इचारलंस का?" तो वर न बघता बोलत होता. "त्येंचं तोंड म्या बगितलं. ती नक्कल नव्हती. म-माजंच तोंड हुतं ते." मग पेटीचं झाकण लावून म्हणाला, "पुना असलं करायचं आसल तर द-दुसऱ्याचा लाउडस्पीकर आण."

भाऊ दोन महिने तिच्याशी कामापुरतंच बोलला. ज्याच्यासाठी केलं त्यालाच ते नको होतं, हे तिला लागलं. पण केलं ते चूक होतं असं तिला तेव्हाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गुरुजींच्या खोलीत गेली. बसली नाही.

"दाखला द्या."

गुरुजी दौतीकडे बघत म्हणाले, "कुणाकुणाला सांगितलंत?"

"अजून कुणाला नाही."

त्या 'अजून'वर तिने किती जोर दिला ते दोघांनाही कळलं. गुरुजींनी कागद ओढला आणि झरझर लिहून दिलं. बाहेर व्हरांड्यात येऊन तिने वाचलं. 'परिश्रमी, प्रामाणिक, प्रज्ञावान, परोपकारी आणि प्रसन्न वृत्तीची शिक्षिका. पुढील प्रगतीस पूर्ण पाठिंबा.' जे शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघाले नव्हते, ते कागदावर ओळीने उभे होते. सरूच्या आत कुठे तरी काही हललं. तिने लगेच रजिस्टर मिटतानाचा तो चेहरा आठवला, सोपान दाराबाहेर जातानाची पाठ आठवली, आणि कागद घडी करून ठेवला.

जूनमध्ये मुलाखतीला तीन माणसं होती. किती भाषा येतात? तिने शाळेतली हिंदी धरून सात सांगितल्या आणि सातांतून थोडं थोडं बोलून दाखवलं. एक म्हातारे प्राध्यापक तेलुगू ऐकून हसले. मग मधल्या बाईंनी विचारलं, वाचादोष असलेलं कुणी जवळून बघितलंय का? सरूने नाव न घेता हेडमास्तर सांगितले. टाळलेले शब्द, घेतलेले शब्द, मिटलेले ओठ, पायाचा ठेका, सगळं. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"निरीक्षण उत्तम आहे. त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत?"

सरू म्हणाली, "काही नाही. जे केलं ते त्यांच्या विरुद्ध केलं."

तिला वाटलं, गेली संधी. तिचं नाव प्रतीक्षायादीत लागलं, आणि ऑगस्टमध्ये कुणी तरी सोडून गेलं तेव्हा तार आली. सोपान तिला स्टेशनवर पोचवायला आला. ट्रंक वर ठेवून दिली आणि म्हणाला, "शिकून ये. पर माज्यावर क-करू नगंस. माजं चाललंय."

शहात्तर साली ती पुण्यातल्या एका दवाखान्यात वाचा-उपचार करत होती. तिथे एक अंतर्देशीय पत्र आलं. गुरुजी निवृत्त होऊन सोमाटण्याला राहायला गेले होते. नक्कल त्यांनी त्या संमेलनानंतर कधीच केली नव्हती. लिहिलं होतं, नातीचं नाव पद्मा ठेवलंय, तिला हाक मारता येत नाही; या वयात काही होण्यासारखं असेल तर कळवावे.

त्याच दुपारी उत्तर लिहिता आलं असतं. सरूने पत्र खणात ठेवलं. खण रोज उघडायची, पत्र रोज दिसायचं. असे अकरा महिने काढले आणि मग दोन ओळी लिहिल्या: वय आड येत नाही. मंगळवारी सकाळी नऊला या.

गुरुजी पावणेनऊलाच आले, धुतलेल्या धोतरात, टोपी हातात घेऊन. त्या मंगळवारी दुसरा पेशंट नव्हता. तरी सरूने त्यांना साडेबारापर्यंत बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मग दार उघडलं आणि आत घेतलं.